माझ्या तोंडून दिलेला त्याचा शब्द

मी हिंगणघाटची. वर्धा जिल्हा. तुम्ही माझं ऐकून लिहायला जर्सी सिटीहून एवढ्या लांब माझ्या घरी कॅरीला आलात आणि बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न कोचचा विचारला, तर थांबा जरा, आधी हिंगणघाट. कोचचं सांगायचं तर माझ्या आईपासून सुरू करावं लागतं, नाहीतर तुम्हीही म्हणाल की ही बाई उगाच मनाला लावून घेऊन राहिली, फुटबॉलचा कोच होता, तिचा काय सख्खा भाऊ होता का. सगळे हेच म्हणतात. माझी मुलगी पण म्हणाली, आई, ही वॉज जस्ट अ कोच. म्हटलं बरं बाई.

तर बाबा शाळेत शिपाई होते आणि आई लग्नं जुळवायची. धंदा नव्हता तो, कोणाकडून काही घेतलं नाही तिनं कधी, एक नारळ आणि ब्लाउजपीस, बस. पण तिचा मान केवढा होता, काय सांगू तुम्हाला. मुलीच्या आईसमोर बसायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, मी सांगते नं. एवढंच. मी सांगते नं म्हटलं की गोष्ट पक्की, पत्रिका-बित्रिका मागाहून. आर्वीपासून वणीपर्यंत तिनं जमवलेल्या जोड्या होत्या, आणि सणावाराला कोणी ना कोणी पाया पडायला यायचं, आम्हाला त्याचंच अप्रूप.

मग एक चंद्रपूरचं स्थळ आलं. मुलाच्या मामानं आईला सांगितलं की मुलगा नोकरीत पक्का आहे, आईनं ते आर्वीच्या मुलीच्या आईला सांगितलं, मी सांगते नं. लग्न झालं. सहा महिन्यांनी मुलगी माहेरी परत, नोकरी सुटून वर्ष होऊन गेलं होतं त्याची, आणि दारू, आणि सगळंच. मी तेव्हा आठवीत. आई मला घेऊन एसटीनं आर्वीला निघाली. मी विचारलं, काय न्यायचं गं, कारण आपल्यात कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, चार केळी तरी नेतातच. तर आई म्हणाली, माफी मागायला जाताना हात रिकामेच ठेवायचे, काही नेलं की ती लाच होते. दारातच तिनं हात जोडले, म्हणाली चुकलं माझं. त्या बाईनं पाणी दिलं, बसवलं पण. निघताना मात्र कुंकू लावलं नाही. आई उंबऱ्याशी क्षणभर थांबली होती, ते मी पाहिलं. मामानं फसवलं, माझी काय चूक, असं ती एकदाही म्हणाली नाही, ना तिथं, ना एसटीत, ना मरेपर्यंत. त्यानंतर तिनं एकही लग्न जुळवलं नाही. लोक यायचे, ती चहा द्यायची आणि दुसरीकडे पाठवायची.

हं, आता अमेरिका. आमचे हे नागपूरला कंपनीत होते, दोन वर्षांसाठी म्हणून पाठवलं, आणि दोन वर्षांची ही चोवीस वर्षं झाली. आधीची कितीतरी वर्षं मला काम करायची परवानगीच नव्हती, घर आणि पोरगी, पोरगी आणि घर. मग ग्रीन कार्ड आलं, मुलगी कॉलेजला गेली, घर खायला उठलं. मी बी.कॉम. झालेली, पण ते तीस वर्षांपूर्वीचं, कोण विचारतं इथं. शेजारच्या बाईनं सांगितलं की पस्तीस मिनिटांवरच्या कॉलेजात फुटबॉल टीमच्या लॉन्ड्रीत माणूस पाहिजे आहे. मी म्हटलं, करते. आमच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, अय्या, सुनंदाताई, तुम्ही कपडे धुणार? म्हटलं मशीन धुते हो, मी नुसती बघते. हे मात्र पहिले सहा महिने मित्रांना सांगायचे की सुनंदा युनिव्हर्सिटीत ॲडमिनमध्ये आहे.

आणि मला ते काम आवडलं, हे तुम्ही लिहा. शंभरावर पोट्टे, एकेक दारात मावणार नाही असा, आणि प्रत्येकाचे मोजे, बनियन, चड्ड्या एका पट्ट्यात ओवलेले, पट्ट्याला त्याचा नंबर. तोंडं नंतर ओळखीची झाली, आधी कपडे ओळखीचे झाले. कोण घाबरलं की घामानं ओलं होतं, कोण मार खाऊन आलं, कोणाचं रक्त, सगळं मला माहीत. खेळ मला कळत नव्हता. नाव फुटबॉल आणि पायानं मारणारा एकच गडी, बाकी सगळे हातात घेऊन पळतात नाहीतर एकमेकांवर पडतात. पण हळूहळू गोडी लागली, आणि माझ्यापेक्षा यांना जास्त. मंडळातले पाचपंचवीस जण शनिवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून मॅच बघायला लागले, समोर मिसळ आणि अंगात टीमचा टीशर्ट. तेव्हा तर आम्ही हरायचो. नुसतं हरायचो बाप्पा, अर्ध्या मॅचमध्ये स्टेडियम रिकामं व्हायचं.

मग तो आला. नाव नाही घेत मी त्याचं. नवऱ्याचं नाव घेतलं उखाण्यात, पण याचं घेणार नाही.

पहिल्याच दिवशी तो खाली लॉन्ड्रीत आला. आधीचा कोच चार वर्षांत कधी खाली आला नव्हता. हा आला, हात पुढे केला, नाव विचारलं, सुनंदा त्याला म्हणता येईना, तीनदा चुकला, मग म्हणाला मी तुम्हाला सू म्हणू का. म्हटलं म्हणा. त्याचा एक करडा स्वेटशर्ट होता, टोपीवाला, बाह्या विरलेल्या, प्रत्येक मॅचला तोच. तो ड्रायरमध्ये टाकायचा नाही, हातानं धुवायचा आणि खुंटीला वाळवायचा, हे काम माझं. मी एकदा डब्यातली पुडाची वडी दिली त्याला, आमच्याकडची, कोथिंबिरीची, तर तिखटानं डोळ्यांत पाणी आलं आणि तरी तीन खाल्ल्या. नंतर दर जिंकल्या मॅचनंतर विचारायचा, सू, माझी वडी? आणि आम्ही जिंकायला लागलो नं. दुसऱ्या वर्षी थोडं, तिसऱ्या वर्षी तर सगळ्यांची तोंडं बंद. मंडळानं गणपतीत त्याला बोलावलं, फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं, आणि त्यानं माइकवर सांगितलं की या टीमचं काळीज लॉन्ड्रीत आहे, तिचं नाव सू. टाळ्या काय पडल्या! ज्या बायका अय्या म्हणाल्या होत्या त्याच मला मिठ्या मारत होत्या. यांनी त्या दिवसापासून ॲडमिन म्हणणं सोडलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता, घरी येऊन मी आईच्या फोटोसमोर सांगितलं पण.

आता मुख्य गोष्ट. गेल्याच्या गेल्या वर्षीचा थँक्सगिव्हिंग झाला आणि त्या आठवड्यात मिनेसोटातून, ईडन प्रेरीहून, एक मराठी बाई मुलाला घेऊन कॉलेज बघायला आली. वैशाली. मूळची अमरावतीची, नवरा तिकडं नोकरीत, तो येऊ शकला नव्हता. मुलगा ओंकार, सहा फूट तीन इंच, आणि तो तोच एक गडी, लाथ मारणारा, किकर. आपला मराठी मुलगा आणि या खेळात! मला कोणी सांगितलं असतं तर हसले असते. त्याला घराजवळचं एक कॉलेज पण घेत होतं, तिथली जागा पक्की होती, पण मुलाला इथं यायचं होतं, कारण कोच. आणि आईला कोचचीच भीती. तिचं म्हणणं एकच, हे लोक दोन-दोन वर्षांत उडून जातात, मी माझा मुलगा हजार मैलांवर पाठवला आणि हा माणूस गेला तर त्याला विचारणार कोण.

तर कोच खाली आला, मला म्हणाला, सू, वर चल, एक आई आहे, तुझ्या भाषेतली, ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. मी हात पुसत गेले. त्याच्या ऑफिसच्या दाराबाहेर मी थांबले आणि त्याला विचारलं, हे लिहा नीट, मी विचारलं, कोच, मी तिला सांगीन, पण तुम्ही राहणार नं? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, सू, आय ॲम नॉट गोइंग एनिव्हेअर.

आत गेले. वैशाली खुर्चीच्या काठावर बसली होती, पर्स मांडीवर धरून. मराठी ऐकल्याबरोबर तिचा चेहराच बदलला, ताई म्हणाली मला. कोण कुठली, ती अमरावतीत कुठे राहायची, सगळं झालं. मग ती म्हणाली, ताई, तुम्ही इथं रोज असता, खरं सांगा, हा माणूस राहील का? मी तिचा हात हातात घेतला. आणि माझ्या तोंडून निघालं, मी सांगते नं. आयुष्यात पहिल्यांदा निघालं हो. चाळीस वर्षं मी कोणाचं स्थळ सुचवलं नाही, कोणाला कामवाली सुचवली नाही, आणि तिथं बसून मी म्हटलं, मी सांगते नं, वैशाली, निर्धास्त पाठव. कोच समोर उभा होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण मान हलवून राहिला होता, हो हो करून. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पोरगा लाजून खाली बघत होता.

त्याच दुपारी कोच परत खाली आला, विचारलं, सू, माझा स्वेटशर्ट वाळला का? वाळला होता. तो घेतला, आणि कपाटातले त्याचे बाकीचे पण कपडे घेतले, दोन जॅकेटं, जुन्या टोप्या, म्हणाला घरी नेतो, बायको ओरडते. मीच घड्या घालून पिशवीत भरून दिले. माझी ट्यूब पेटली नाही. का पेटावी? माणूस घरी कपडे नेतो.

ओंकारनं पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या कागदावर सही केली. घराजवळच्या कॉलेजनं ती जागा दुसऱ्या मुलाला दिली. आणि त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी मी कामावर गेले तर पार्किंगमध्ये टीव्हीवाल्यांच्या गाड्या, आणि माझा साहेब, रे म्हणून आहे, तो ड्रायरला टेकून उभा. म्हणाला, ही इज गॉन. मी म्हटलं कोण? खरंच म्हटलं हो, मला वाटलं कोणी वारलं. मोठ्या कॉलेजनं नेलं होतं त्याला. मोसमातली शेवटची मोठी मॅच बाकी होती, तिच्यासाठी पण थांबला नाही. पोट्ट्यांना फोनवर मेसेज गेला. एवढी एवढी दांडगी पोरं लॉन्ड्रीच्या बाहेर जमिनीवर बसून होती. रेनं सांगितलं की हे दीड महिन्यापासून ठरत होतं, बायकोनं तिकडं घर पण बघून ठेवलं होतं. दीड महिना. मी मनात मोजलं. म्हणजे माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याला माहीत होतं.

मला राग त्याच्या जाण्याचा नाही, हे मी कोणाला समजावूनच सांगू शकत नाही. जा नं बाबा, तुझं आयुष्य आहे. पण खोटं बोलायचं होतं तर स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं, माझं तोंड कशाला वापरलंस? त्याला माहीत होतं की ती आई त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून त्यानं मला वर बोलावलं. वडी खाणारा माणूस असा वागतो?

मग मंडळाच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते तुम्ही विचारूच नका. निम्मे म्हणत होते गद्दार, निम्मे म्हणत होते उपकार विसरू नका. त्यानं टीम उभी केली, हरणाऱ्या पोरांना जिंकायला शिकवलं, आपण स्टेडियमची तिकिटं काढायला लागलो ती त्याच्यामुळे. दुसरे म्हणत होते, मॅच तोंडावर असताना पळणारा कसला कोच. मंडळाच्या वेबसाइटवर त्याचा फेट्यातला फोटो होता, तो काढायचा की ठेवायचा यावर आठ दिवस. शेवटी कोणाच्या तरी घरी बैठक लावली, हो, फोटोसाठी बैठक, आपली माणसं! तिथं तो नितीन, पुण्याचा, हुशार आहे पोरगा, पण बोलायला लागला की थांबत नाही, तो मला म्हणाला, काकू, इमोशनल होऊन चालत नाही यार, इट्स बिझनेस, आपण सगळे तीन-तीन कंपन्या बदलून बसलोय, तेव्हा कोणी आपल्याला गद्दार म्हणालं का? सगळे हसले, कारण खरंच होतं. मी म्हटलं, नितीन, तू कंपनी बदललीस, चांगलं केलंस. पण खिशात नवीन ऑफर लेटर ठेवून तू एखाद्या पोराला जुन्या कंपनीत आणून बसवलंस का, ये बाबा, मी इथंच आहे, तुझी काळजी घेतो म्हणून? आणि ते सांगायला त्याच्या आईकडं तुझ्या आईला पाठवलंस का? मग कोणीतरी म्हणालं मिसळ गार होऊन राहिली. फोटो तिथंच आहे अजून. बहुमतानं ठेवला.

गाडीत हे म्हणाले, तू फार ताणते. घरी आल्यावर म्हणाले, सुनंदा, आपण तुझ्या आईला काय सांगून आलो होतो? दोन वर्षांत येतो. ती कोणाच्या घरी माफी मागायला गेली होती ते तू सांगतेस, आपण तिच्याकडं गेलो का? मला असा राग आला! दोन दिवस बोलले नाही मी यांच्याशी, पोळ्या टाकल्या आणि निघून गेले. आपल्याला येताना माहीत नव्हतं हो, आपल्याला खरंच वाटलं होतं परत जाऊ. त्याला माहीत होतं. फरक आहे नं? तुम्ही सांगा, आहे नं फरक? आहे. पण तिसऱ्या दिवशी मीच यांना म्हटलं, माझं मिनेसोटाचं तिकीट काढा.

हे म्हणाले फोन कर. फोनवर होत नाही ते. जानेवारीत गेले, काय थंडी ती, विमानतळाबाहेर श्वास घेतला तर नाकात केस गोठले. हात रिकामे. आर्वीनंतर पहिल्यांदा मी कोणाच्या घरी रिकाम्या हातानं गेले, ना वडी, ना फूल, पर्समधली चॉकलेटं पण घरी काढून ठेवली. वैशालीनं दार उघडलं. तिला वाटलं मी कोणाकडं तरी लग्नाला वगैरे आले असेन आणि सहज डोकावले. मी दारातच हात जोडले, म्हटलं चुकलं माझं. ती म्हणाली, ताई, मी रागावले नाही असं मी म्हणणार नाही. मी रागावलेय. तुमच्यावरच रागावलेय, त्याच्यावर नाही, तो कोण माझा? तुम्ही माझा हात धरला होता. म्हटलं हो. म्हणाली, आत या, बर्फात उभ्या राहू नका, चहा ठेवते.

चहा दिला, आलं घालून. ओंकार वरून खाली आला, एवढा उंच, मोजे घातलेला, म्हणाला, इट्स ओके काकू, इट्स नॉट युअर फॉल्ट. मी म्हटलं, बेटा, आहे. मी सांगितलं की मी विचारलं होतं त्याला, दाराबाहेर, आणि तो काय म्हणाला ते. मग लगेच म्हटलं, पण ते सांगायला मी आले नाही, माझ्या तोंडून गेलं ते माझंच. आईला आठवत होते मी सारखी. निघताना वैशाली दारापर्यंत आली, देवघर दाराशेजारीच होतं, कुंकवाचा करंडा मला दिसत होता. नीट जा म्हणाली. मी क्षणभर थांबले, मग निघाले.

मुलगा आला शेवटी आमच्याकडेच, दुसरीकडं जागा होती कुठं? नवीन कोच सभ्य आहे, पण त्यानं त्याचा किकर दुसऱ्या कॉलेजातून सोबत आणला. आता किकर तीन, त्यात ओंकार तिसरा. आमच्या मैदानावर खरं गवत आहे, म्हणून लाथ मारणाऱ्याच्या मोज्याला हिरवा डाग पडतो, मला तो हातानं घासावा लागतो. सोमवार ते गुरुवार त्याच्या मोज्याला डाग असतो, पोरगा मेहनत करतो, सगळ्यांच्या आधी येतो. शनिवारी मॅच असते. शनिवारचा मोजा पांढराच परत येतो.

आणि या ऑक्टोबरात तो आला. त्याची नवीन टीम आमच्याकडं खेळायला आली, दुपारची मॅच. सकाळपासून लोक बोर्ड घेऊन उभे, मंडळातले निम्मे त्याला शिव्या द्यायला आलेले, नितीन आणि त्याचे दोघेतिघे टाळ्या वाजवायला. स्टेडियममध्ये त्याचं नाव घेतल्यावर असा आवाज झाला की खाली लॉन्ड्रीतले दिवे हलले. पण त्याआधीची गोष्ट सांगते. पाहुण्या टीमला टॉवेल आम्ही पुरवतो, तशी रीतच आहे. मी रेला म्हटलं, टॉवेलची गाडी आज मी नेते. जाण्याआधी वैशालीला फोन लावला, म्हटलं, लाइनवर राहा, मी त्याच्याकडून वदवून घेते, जे मला सांगायला लावलं ते खोटं होतं हे त्यानं स्वतः तुला सांगावं, मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो, एवढं एक वाक्य. ती म्हणाली, कशाला ताई. म्हटलं राहा तू.

तो बाहेरच उभा होता, मैदानाकडं जाणाऱ्या बोगद्यात, तोच करडा स्वेटशर्ट घालून. मीच धुतलेला! बाह्या आता नव्या शिवल्या होत्या कोणीतरी. मला बघितल्याबरोबर दोन्ही हात पसरले, सू! आणि मिठी मारली, बाकीच्यांना सांगितलं, ही सू, ही माझी आवडती माणूस, आणि माझी वडी कुठंय? मी म्हटलं, आज नाही आणली. कोच, एक मिनिट द्या, फोनवर ओंकारची आई आहे. तर तो हसत हसतच म्हणाला, हू?

कोण.

सांगितलं, ओंकार, ओम म्हणतात त्याला पोरं, तुम्हीच घेतला, किकर. कपाळाला आठ्या पडल्या त्याच्या, खरंच आठवून बघत होता तो, नाटक नव्हतं. त्याला आठवेचना. मग एकदम चेहरा उजळला आणि म्हणाला, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स, ग्रेट किड, सांग तिला ग्रेट किड आहे, मॅच झाली की बोलतो नक्की. परत खांद्यावर हात, तोच हात, आणि गेला. मॅच ते जिंकले. बस सरळ विमानतळावर गेली.

मी त्या टॉवेलच्या गाडीशी उभी होते, फोन हातात. मला वाटलं वैशालीनं ठेवला असेल. कानाला लावला तर ती होती. म्हणाली, ताई, ऐकलं मी. मी एवढ्या महिन्यांत रडले नव्हते, तिथं रडले, शंभर पांढऱ्या टॉवेलांसमोर, एक घेऊन तोंड पुसलं. ती तिकडून म्हणाली, जाऊ द्या हो, ज्याला नावच आठवत नाही त्याच्याकडून माफी घेऊन मी करू काय? तुम्ही जेवलात का सकाळपासून? म्हटलं नाही. म्हणाली, जेवून घ्या आधी. आणि संक्रांतीला या माझ्याकडे, वाण काढून ठेवते तुमचं.

आता गेल्याच आठवड्यात नवीन कोचनं मला वर बोलावलं. एक तेलुगू आई मुलाला घेऊन आली होती, घाबरलेली, पर्स मांडीवर धरून. कोच म्हणाला, तुम्ही दोघी एकाच देशातल्या, तिला जरा धीर द्या, सांगा मी इथंच आहे. चांगला माणूस आहे तो, खरं बोलत असेल, मला काय माहीत. मी त्या बाईशेजारी बसले, हिंदीत बोलले. म्हटलं, बहन, कोच राहील का, मुलगा खेळेल का, हे मी सांगू शकत नाही. मी इथं कपडे धुते. तुमच्या मुलाचे कपडे रोज स्वच्छ आणि कोरडे मिळतील, मी आहे तोवर. एवढं मी सांगते.

कोचला काही ते फारसं आवडलं नसावं. त्या बाईनं मात्र मुलाच्या बुटाचं माप सांगितलं मला, आणि त्याला धुण्याच्या पावडरीनं अंगावर पुरळ येतं, ते पण सांगितलं.

चला, तुमचा चहा गार झाला. संक्रांतीचं तिकीट काढलंय मी, यावेळी वड्या नेणार आहे डबाभर. वैशाली फोन करते रविवारी, सगळं विचारते, थंडी किती, ओंकार जेवतो का, केस वाढलेत का. शनिवारचं ती विचारत नाही आणि मी सांगत नाही. रविवारी सकाळी त्याचा पट्टा येतो माझ्याकडे, मोजे कोरे, घडी पण मोडलेली नसते. तरी मी धुते. देव त्याचं भलं करो, एखाद्या शनिवारी डाग घेऊन येऊ दे पोट्ट्याला.